चुकीच्या हाताला वळलेला बाण

जरा थांबा म्हणणार होतो, पण तुम्ही थांबलेलेच आहात. पुढे दहा-पंधरा गाड्या आहेत. सर्कलपर्यंत पोचायला दोन-चार मिनिटं लागतील, तेवढ्यात माझं ऐकून घ्या. तुमच्या पुढच्या चाकाखाली डांबराहूनही काळा असा एक पट्टा दिसतो ना? त्याच्याखाली मी आहे. मी बाण बोलतोय. गाड्यांना वाट दाखवायला रस्त्यावर पांढऱ्या रंगाने काढतात, त्यातला एक. जन्माला येऊन मला एकच काम होतं, वाट दाखवायचं, आणि नेमकं तेच मी चुकीचं केलं.

माझा जन्म सुट्टीच्या दिवशी पहाटे झाला. रस्ता तेवढाच मोकळा मिळतो म्हणून. इथे चार रस्ते येऊन मिळतात, मध्ये गोल बेट आहे, बेटावर चार झुडपं आणि एक बंद कारंजं. आपल्या बाजूने सर्कलमध्ये शिरलं की डावीकडचा पहिला रस्ता बाजाराचा, समोरचा स्टेशनचा आणि वळसा घालून उजवीकडचा हॉस्पिटलचा. लेन दोन. डाव्या लेनने सरळ किंवा डावीकडे जायचं, उजव्या लेनने सरळ किंवा उजवीकडे. एवढं पाळलं की कोणाची गाडी कोणाच्या आडवी येत नाही. मी डाव्या लेनचा बाण. म्हणजे माझं एक टोक सरळ आणि दुसरं डावीकडे वळलेलं असायला हवं होतं.

मला ज्याने काढलं तो रंगारी साठीला टेकलेला, बुटका, पण हाताचा फार नेमका. सोबत त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. त्याचीही चाळिशी उलटली होती, पण दाजींपुढे तो अजून पोरसवदाच होता.

रंगाऱ्याचा एक नियम होता. रस्त्यावर काम करताना येणाऱ्या गाड्यांना पाठ दाखवायची नाही. त्याने जीव वाचतो, पण त्यात एक गोम आहे. गाडीवाल्याचं जे डावं, ते समोर तोंड करून उभ्या माणसाचं उजवं होतं. इतकी वर्षं काम करूनही कधीकधी गोंधळ व्हायचाच. वळणाच्या टोकासाठी त्याच्याकडे पत्र्याचे दोन साचे होते, एक डावा, एक उजवा, दोन्ही रंगाचे थर बसून जुळ्या भावांसारखे झालेले. म्हणून त्याने एक युक्ती केली होती. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ काढून ती डाव्या पत्र्याला बसवली होती. मूठ वर दिसली की हा डावा. तो म्हणायचा, "डोळे फसवतील, मूठ फसवणार नाही."

त्या पहाटे त्याने पत्रा उचलला आणि तो जागीच थबकला.

"लांब्या, मूठ कुठाय रे?"

"कसली मूठ, दाजी?"

"तुझ्या बहिणीच्या झाकणाची. डाव्याला होती ती."

"पडली असेल टेम्पोत कुठेतरी. खड्डे काय कमी आहेत?"

लांब्याने हे सांगताना दाजींकडे पाहिलं नाही. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मी अजून धड जन्मलोही नव्हतो.

रंगाऱ्याने पत्र्यावर बोटं फिरवून भोक शोधलं, पण तेही वाळलेल्या रंगाने बुजलेलं. उजेड व्हायच्या आत रस्ता मोकळा करायचा हुकूम होता. शेवटी त्याने पत्रा खाली ठेवला, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "हाच डावा. डावीकडेच वळलाय ना? झालं तर मग."

वळला होता, पण त्याच्या डावीकडे.

रंग पडला. वर काचेचे बारीक मणी शिंपडले, अंधारात मी चमकावं म्हणून. पत्रा उचलला तेव्हा मी लख्ख पांढरा, ओलाकंच, जमिनीवर पसरलेला होतो. रंगारी कौतुकाने पाहत राहिला. "बघ, कसा राजबिंडा आलाय." मग कमरेवर हात ठेवून हलक्या आवाजात माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "बाबा रे, सगळ्यांना सुखरूप घरी पोचव."

आजही हे वाक्य आठवलं की मला काळ्या रंगाखाली मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पहिले काही दिवस मी फार ऐटीत होतो. खोटं कशाला सांगू, गर्दी वाढली याचा मला आनंदच झाला. आता कळतं की ती माझ्यामुळे वाढली. ज्यांना बाजारात जायचं ते डाव्या लेनमध्ये येत, डावीकडचा बाण कुठेच दिसत नाही म्हणून मध्येच थांबत, मागचे हॉर्न वाजवत. ज्यांना उजवीकडे जायचं ते माझ्यावर भरवसा ठेवून डाव्या लेनमधून वळसा घेत, आणि उजव्या लेनमधून सरळ स्टेशनकडे निघालेल्या गाड्यांच्या आडवे जात. रोज सकाळी कोंडी. आणि गाड्या थांबल्या की मला माणसं ऐकू यायची.

दातांचे एक डॉक्टर काच वर करून बेसूर गात. एक नवरा-बायको रोज एकच भांडण काल जिथे सोडलं तिथून पुढे चालू करत. एक मास्तर थांबल्या थांबल्या वह्या तपासत आणि स्वतःशीच म्हणत, "अरे देवा, याला कोणी शिकवलं?" मग लक्षात यायचं की आपणच. मला वाटायचं, रोज अशीच गर्दी व्हावी. लोकांच्या खोळंब्याची मी मजा घेत होतो, हा माझा पहिला अपराध.

आणि नवल असं की कित्येकांना मी चुकीचा आहे हे कळत होतं. "हा बाण काहीतरीच आहे," असं म्हणत ते हॉर्न दाबून पुढे जायचे. कोणीतरी कोणालातरी सांगेल असं प्रत्येकाला वाटायचं. कोणीही सांगितलं नाही.

मग त्या दोघी येऊ लागल्या, स्कूटरवर, सासू आणि सून. सून पंचेचाळीसची असेल, ओठ घट्ट मिटून, हँडल पकडून चालवणारी, अगदी नवशिकी. मागे सत्तरीची सासू, मांडीवर कापडी पिशवी. सासूची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलमध्ये जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. त्यात खंड पडून चालत नाही. मुलगा कामावर जाई, दर वेळी रजा कुठून आणणार? म्हणून सून या वयात स्कूटर शिकली. सासूनेही नेम धरला होता.

"मीठ डॉक्टरांनी सोडवलं, साखर मी सोडली," एकदा गाडी थांबलेली असताना ती शेजारच्या स्कूटरवाल्या मुलीला सांगत होती. "म्हटलं, ही गाडी शिकेपर्यंत चहा बिनसाखरेचा. दोन महिने कडू घोट घेतले मी. देवाला दया आली, नाहीतर माझ्या तोंडाला."

"आई, घट्ट धरलंय ना?" सुनेने विचारलं.

"इतकं घट्ट की तुलाच श्वास घेता येतोय का बघ."

"कुठल्या लेनमधून जायचं असेल हो? इथे माझा नेहमी गोंधळ होतो."

"मला काय विचारतेस? मी फक्त मागे बसायला शिकलेय. बाण बघ ना, काय म्हणतो?"

सुनेने खाली माझ्याकडे पाहिलं. "उजवीकडे जा म्हणतोय."

"मग जा की. शहाण्या माणसाने विचार करूनच काढला असेल."

त्या गेल्या, आणि सुखरूप पोचल्याही. बारा वेळा गेल्या. दर वेळी ती माझ्याकडे पाही आणि तिचे घट्ट मिटलेले ओठ जरा सैल होत. माझ्याकडे तशा नजरेने कोणीच पाहत नव्हतं. त्या नजरेने मी किती फुगलो होतो!

तेराव्या वेळी उजव्या लेनमधून एक टेम्पो सरळ निघाला, त्याच्या बाणाप्रमाणे. सून बाहेरून वळसा घेत होती, माझ्याप्रमाणे. स्टेशनच्या रस्त्याच्या तोंडाशी दोघं एकमेकांना भिडले. आवाज फार मोठा झाला नाही. स्कूटर घसरत जाण्याचा खरखराट आणि मग पिशवीतल्या डब्याचा खळखळाट, एवढंच मला ऐकू आलं.

माझ्यापासून दहा पावलांवर ट्रॅफिक हवालदाराची चौकी आहे. तिथे सगळ्यांना आणलं. सुनेचे दोन्ही गुडघे फुटले होते. सासूचं डावं मनगट मोडलं होतं, ते तिने पदरात धरलं होतं. टेम्पोवाला माणूस वाईट नव्हता. त्यानेच सासूला खुर्ची पुढे केली.

"ताई, डाव्या लेनमधून कोणी उजवीकडे जातं का हो?"

"मी बाण बघूनच आले," ती म्हणाली.

गर्दीतला एक जण हसला. "बाण! आधी डावं-उजवं शिका म्हणावं."

"बाई, तो बाण डावीकडचा आहे," हवालदार म्हणाला. "मी रोज समोर उभा असतो. रोज बघतो."

तोही खोटं बोलत नव्हता. तो सर्कलपाशी, गाड्यांकडे तोंड करून उभा असे. रंगाऱ्याला जसा दिसलो तसाच मी त्याला दिसायचो, डावीकडे वळलेला. ती मला दाखवायला वळली, तर माझ्यावर एक बस येऊन उभी राहिलेली. बसखालून मी जीव तोडून ओरडलो, पण बाणाला आवाज कुठला? त्याला फक्त टोक असतं, आणि माझं टोकच खोटारडं होतं.

हवालदाराने वहीत लिहिलं, 'स्कूटरचालक महिलेने चुकीच्या लेनमधून वळण घेतले.' मग नवरा आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त हात पुढे केला.

"किल्ली दे. पुरे झाली हौस."

"अरे, हौस नव्हती ती," सासू कळवळून म्हणाली. पण सुनेने किल्ली त्याच्या हातावर ठेवून दिली होती.

त्या दिवसापासून मला गर्दीची मजा वाटेनाशी झाली. दिवसाची पहिली गाडी यायच्या आधी मी देवाजवळ एकच मागणं मागू लागलो, या बाईला तिची किल्ली परत मिळू दे. हात जोडायला मला हात नाहीत. होतं ते टोक मनातल्या मनात झुकवायचो.

आता ती तिघं नवऱ्याच्या जुन्या गाडीतून येत. तो उजव्या लेनने जायचा, त्याला सवयीचा रस्ता. गर्दीत गाडी माझ्या शेजारी थांबायची. सासू पुढे, हाताला प्लास्टर. सून मागे. सर्कल जवळ आलं की ती डोळे मिटून घ्यायची. एकदा जरी तिने मान वळवून खाली पाहिलं असतं!

"आई, रजा संपत आली माझी," एक दिवस नवरा म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदाच जमेल."

"बरं. रक्ताला तसं सांगून ठेवते."

"आई!"

"मग काय बोलू? पाय बघ माझे. मागच्या आठवड्यात एक खेप चुकली तर खांबासारखे सुजले. तिला किल्ली दे की."

"मीच नको म्हटलंय," मागून सून म्हणाली. डोळे मिटलेलेच. "मला डावं-उजवं कळत नाही, आई. तुम्हाला पाडलं मी."

"साखर सोडलीय मी परत," सासू म्हणाली. "तू हँडल धरेपर्यंत. बघू कोण आधी दमतं ते."

असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी रंगाऱ्याचा टेम्पो दुसऱ्या कुठल्या कामावरून परतताना याच लेनमध्ये अडकला. लांब्या चालवत होता, रंगारी शेजारी. आणि प्रथमच त्याने मला गाडीवाल्याच्या बाजूने पाहिलं.

तो खाली उतरला. हॉर्न वाजत होते. माझ्यावर उभा राहिला, तोंड सर्कलकडे करून. आधी त्याने आपला डावा हात पाहिला, मग उजवा, मग मला.

"लांब्या, खरं सांग. मूठ कुठे गेली होती?"

लांब्याही उतरून मान खाली घालून उभा राहिला. "मी काढली, दाजी. तुम्ही मूठ नेल्यापासून ताई फडक्याने झाकण उचलायची. दोन बोटं भाजली होती तिची, फोड आले होते. तुम्हाला सांगितलंही नाही तिने. मला बघवेना. काढली आणि तिच्या झाकणाला परत लावली."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलोच असतो! आणि दुसरी मूठ आणली असती." रंगारी फुटपाथवर मटकन बसला. मग म्हणाला, "तिची बोटं भाजली ते मला दिसलंच नाही. रोज तिच्याच हातचं जेवतो मी."

"उद्या पहाटे येऊ," लांब्या कुजबुजला. "यावर काळा मारू, पुढे नवा काढू. कोणाला कळायचंही नाही."

त्यानंतर पहाट होईपर्यंत मी जी घालमेल भोगली ती कोणाच्या वाट्याला येऊ नये. मला पुसून टाकावं, ही तर माझीच इच्छा होती. पण मी गुपचूप पुसला गेलो, तर ती बाई खरं बोलत होती याला पुरावा कुठला? मी अपराधी होतो आणि तिचा एकुलता एक साक्षीदारही मीच होतो.

पहाटे दोघं आले. नारिंगी शंकू लावले, काळ्या रंगाचा डबा उघडला, रोलर बुडवला. तेवढ्यात हवालदार कामावर आला.

"बरं झालं आलात, रंग उजळायलाच हवा होता," तो म्हणाला. "लोकांना बाण कळत नाहीत हो. मागे एक बाई इथून उजवीकडे गेली, आपटली, सासूचा हात मोडला. वर मलाच सांगते, बाण बघूनच आले!"

रंगाऱ्याच्या हातातला रोलर थांबला. रंगाचे दोन थेंब माझ्या टोकावर पडले. लांब्याने डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. एक हात मारला असता, तर मी संपलो असतो.

रंगाऱ्याने रोलर डब्यात ठेवून दिला.

"हवालदारसाहेब, जरा या बाजूला या." त्याने हवालदाराचा हात धरून त्याला माझ्या शेपटीशी आणला, सर्कलकडे तोंड करून उभा केला. "आता सांगा, मी काय काढलंय?"

हवालदाराच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबकळली. त्याने घड्याळात पाहिलं. मग म्हणाला, "आज त्यांचा हॉस्पिटलचा दिवस आहे. नऊला येतात."

"मग नऊपर्यंत याला हात लावणार नाही," रंगारी म्हणाला. माझ्याभोवती शंकू लावून तो तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

गाडी आली. हवालदाराने ती बाजूला घेतली. "ताई, जरा उतरता का?"

ती घाबरलीच. "आता मी काय केलं?"

"काही नाही. इथे उभ्या राहा. दोन्ही हात पसरा. आता खाली बघा, टोक कोणत्या हाताला आहे?"

तिने खाली पाहिलं. पसरलेले हात तसेच राहिले. "उजव्या," ती पुटपुटली. मग मान वर करून नवऱ्याकडे पाहत, रस्ताभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "उजव्या! अहो, उजव्याच हाताला आहे!" आणि रडू लागली.

रंगारी पुढे आला. "पोरी, हा मी काढला. चूक माझी होती, बोल तुला लागला."

"माझी पण," मागून लांब्या म्हणाला.

सासू गाडीतून उतरून, प्लास्टरचा हात सांभाळत माझ्याजवळ आली. "मीच हिला म्हटलं होतं, शहाण्या माणसाने काढला असेल."

"शहाणा नव्हता हो तो."

"असू दे. लपवला नाहीत, म्हणजे शहाणपण आलंच की," सासू म्हणाली. "आता पुसा बरं लवकर, माझं मशीन वाट बघतंय."

हवालदाराने वही आणून जुनी ओळ खोडली आणि सगळ्यांदेखत नवी लिहिली. नवरा पुढे आला. त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली, पण तिच्याकडे बघवेना त्याला.

"तीन आठवडे बंद आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी किक मारून बघतो. तू... चालवशील ना?"

ती किल्लीकडे पाहत राहिली. मग तिने ती घेतली आणि मुठीत आवळून धरली.

ते गेल्यावर लांब्याने खिशातून दोन कोऱ्या मुठी काढल्या. "एक पत्र्याला, दाजी. एक ताईच्या दुसऱ्या झाकणाला." रंगाऱ्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात पाठीवर राहू दिला. नंतर त्याने रोलर उचलला. शेपटीकडून सुरुवात केली. टोकाशी आला तेव्हा म्हणाला, "तुझा दोष नाही रे बाबा." पण मी तसं मानत नाही. ज्याच्यावर लोक भरवसा ठेवतात, त्याला 'मला तसंच काढलं होतं' एवढं म्हणून सुटता येत नाही.

आता माझ्या पुढे चार पावलांवर नवा बाण आहे. सरळ आणि डावीकडे, अगदी खरा. कोंडी पूर्ण गेली नाही, गाड्याच तेवढ्या आहेत, पण गाड्या एकमेकींच्या आडव्या जात नाहीत. आठवड्यातून तीनदा शेजारच्या लेनमध्ये एक स्कूटर थांबते. परवा ऐकलं, "आई, काल चहात किती साखर घातलीत? पाक झाला होता." "नेम फेडत होते. डॉक्टरला सांगू नकोस." मी काळ्या रंगाखाली हसलो. हसायचा हक्क मला आहे का, ठाऊक नाही.

हा काळा रंग झिजतो. उतरत्या उन्हात कधी माझं टोक पुसटसं वर दिसलं, तर माझं ऐकू नका, पुढच्याचं ऐका. आणि माझ्यासारखा चुकीचा बाण कुठे दिसला, तर हॉर्न दाबून जाऊ नका. कोणालातरी सांगा. नाहीतर कोणीतरी त्याच्यावर भरवसा ठेवून जाईल.

पुढची गाडी हलली. बरं, तुम्हाला कुठे जायचंय? हॉस्पिटलकडे? मग मागे नीट बघा, हात दाखवा आणि शेजारच्या लेनमध्ये जा. उजव्या. जन्मात एकदा तरी मला बरोबर वाट सांगू द्या.